हिरवें पाणी टाकावें कीं सुधारावें?

घराच्या परसांतला पोहण्याचा हौद हा आजच्या भाषणाचा विषय आहे, हें ऐकून आपणांपैकीं कांहींजणांना तो निव्वळ चैनीचा वाटेल. ज्यांच्या दारांत हौद नाहीं त्यांनीं हें भाषण कां ऐकावें, असाही प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, हौद एका घराचा असला तरी त्यांतलें पाणी एका घराचें नसतें. ज्या डोंगरांतून आणि ज्या जमिनीखालून तें आलें, तेथल्या सर्व लोकांचा त्यावर कांहीं ना कांहीं हक्क असतो. म्हणून बिघडलेलें पाणी सहसा ओतून कां देऊं नये, आणि तें सुधारावें कसें, या दोनच गोष्टी मी आज सांगणार आहें.

प्रथम जागेची ओळख करून घेऊं. मुंबईहून सुमारें १२० किलोमीटरांवर, उपनगरी गाड्यांचा मार्ग जेथें संपतो आणि थळ घाटाची चढण जेथें सुरू होते, तें कसारा. आसनगांवपासून खर्डी व कसाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यांत शहरांतल्या कुटुंबांनीं शेतघरें बांधलीं आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या परसांत निळ्या फरशीचे हौद दिसतात. मालकमंडळी सुटीच्या दिवशीं येतात. पावसाळ्यांत बहुधा तेंही होत नाहीं. पंप बंद राहतो. साग, ऐन, आंबा यांचीं पानें हौदांत पडतात, पावसाच्या लोंढ्याबरोबर अंगणांतली माती येते, बेडूक वस्तीला येतात. दिवाळीच्या सुटींत फाटक उघडून परसांत जावें, तों निळ्या पाण्याच्या जागीं हिरवागार काढा दिसतो. मग घरांत एकच सल्ला निघतो: मोटार लावा, सगळें उपसून टाका आणि टँकर मागवा.

सल्ला सोपा आहे; पण कसाऱ्यासारख्या ठिकाणीं तो अमलांत आणण्यापूर्वीं जरा सभोंवार पाहावें. याच शहापूर तालुक्यांत तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. वैतरणेवर मोडकसागर १९५७ सालीं उभें राहिलें, मध्य वैतरणेचें धरण २०१४ सालीं झालें, आणि भातसा धरणही याच मुलुखांत आहे. मुंबईच्या कोट्यवधि लोकांच्या पाण्याचा फार मोठा वांटा या डोंगरांतून जातो. आणि त्याच डोंगरांतल्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहिली जाते. "धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण येथें कोणाला समजावून सांगावी लागत नाहीं. पाऊस येथें मुसळधार पडतो, परंतु खालीं काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उतार तीव्र. पाणी मुरण्याआधींच वाहून जातें, आणि फाल्गुन-चैत्रांत विहिरींचे तळ दिसूं लागतात.

आतां हौदाचा हिशेब करूं. दहा मीटर लांब, पांच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा हौद घ्या. त्यांत ७५ घनमीटर, म्हणजे ७५,००० लिटर पाणी मावतें. दहा हजार लिटरांचा टँकर धरला तर साडेसात खेपा झाल्या. माणशी दररोज वीस लिटर पाणी धरलें, तर सव्वाशें वस्तीच्या एका पाड्याला हेंच पाणी तीस दिवस पुरेल. हौद उपसण्याची आज्ञा सोडतांना आपण एका पाड्याचें महिन्याभराचें पाणी ओढ्याला सोडीत असतों. तें पाणी पाड्याला पिण्यास दिलें असतें असें मी म्हणत नाहीं. हिरवें पाणी कोणी पीत नसतें. परंतु त्याच्या बदल्यांत जें नवें पाणी आपण मागवितों, तें मात्र कोणाच्या तरी विहिरींतून किंवा बोअरमधून उपसलेलें, पिण्याजोगें पाणी असतें.

दुसरें एक कारण आहे, तें शुद्ध व्यवहाराचें. हौद भरलेला असतो तोंवर आंतल्या पाण्याचा भार भिंतींना आणि तळाला सांभाळून धरतो. पावसाळ्यांत किंवा त्याच्या अखेरीस जमिनींत पाणी भरलेलें असतां हौद रिकामा केला, तर भोंवतालचें भूजल तळाला खालून वर रेटूं लागतें. त्या दाबानें तळाला तडे जातात. कांहीं वेळां सबंध हौद जागचा उचलला जातो. टँकरचा खर्च वांचवूं पाहणाऱ्यानें तर हा खर्च विशेषच ध्यानांत ठेवावा.

मग हिरवें पाणी सुधारतें काय? सुधारतें, आणि हें कांहीं नवें ज्ञान नव्हे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत गढूळ पाणी निवळण्याचे उपाय सांगतांना कतक, म्हणजे आपली निवळी, हिचा उल्लेख आहे. निवळीची बी उगाळून माठांत फिरविण्याची रीत खेड्यापाड्यांतून चालत आलेली आहे. युरोपांत याचा फार कठोर पुरावा मिळाला, तोही तानसा पुरें झालें त्याच सालीं. १८९२ मध्यें एल्ब नदीकांठच्या हँबुर्ग शहरांत पटकीची सांथ आली व आठ हजारांवर माणसें मेलीं. हँबुर्ग नदीचें पाणी न गाळतां पुरवीत होतें. त्याला लागूनच, प्रवाहाच्या खालच्या अंगास, आल्टोना हें गांव होतें. हँबुर्गचा सगळा मैला मिसळल्यानंतरचें पाणी या गांवाच्या वांट्याला येई. पण तें वाळूच्या थरांतून सावकाश गाळून घेतलें जाई. आल्टोना त्या सांथींतून पुष्कळ अंशीं बचावलें. पुढें १९०५ सालीं इंग्लंडांतल्या लिंकन शहरीं विषमज्वराच्या सांथींत, आणि १९०८ सालीं अमेरिकेंत जर्सी सिटीच्या पुरवठ्यांत, क्लोरीनचा नियमित उपयोग सुरू झाला. गाळणें आणि जंतू मारणें हीं दोन कामें हातांत हात घालून चाललीं म्हणजे मलिन पाणी पुन्हां वापरण्याजोगें होतें, हें तेव्हांपासून जगानें अनुभवलें आहे. परसांतल्या हौदालाही तोच न्याय लागू आहे.

उपचारापूर्वीं रोगाचें निदान करावें. पाणी हिरवें होतें तें शेवाळाच्या सूक्ष्म पेशींमुळें. त्यांना तीन गोष्टी लागतात: ऊन, ऊब आणि खाद्य. पानें कुजून, माती धुपून, पक्ष्यांची विष्ठा पडून खाद्य मिळतें. ऊन व ऊब यांची आपल्याकडे कधींच वाण नसते. पाण्यांतला क्लोरीन संपला कीं शेवाळाला अडविणारें कोणी उरत नाहीं. रंग हिरवा नसून चहासारखा तांबूस असेल तर तो बहुधा पानांचा अर्क होय. दुधासारखा असेल तर मेलेलें शेवाळ, बारीक माती किंवा चुना असूं शकतो. म्हणून पाण्याकडे नुसतें नाक मुरडून न पाहतां, ग्लासांत घेऊन उजेडांत पाहावें.

नुसत्या कुरूपतेचाच प्रश्न असता तर आपण थांबलोंही असतों. परंतु सांचलेलें पाणी धोक्याचें असतें. त्यांत आठ-दहा दिवसांत डांसांची नवी पिढी उडूं लागते. मुंबईंतल्या हिंवतापाची चौकशी करून डॉ. बेंटले यांनीं १९११ सालीं जो अहवाल दिला, त्यांत उघड्या विहिरी व हौद यांतच डांसांचें मूळ दाखविलें होतें, आणि त्यानंतर शहरांतल्या विहिरी झांकण्याची मोहीम झाली. दुसरा धोका अधिक गुप्त आहे. कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यांत नेग्लेरिया फाउलेरी नांवाचा अमीबा वाढूं शकतो. तो पोटांतून नव्हे, नाकावाटे मेंदूकडे जातो. त्याचा आजार विरळा, पण बहुधा प्राणघातक असतो. २०२४ सालीं केरळांत या आजारानें मुलें दगावलीं. क्लोरीन योग्य प्रमाणांत राखलेल्या हौदांत तो तग धरीत नाहीं. तेव्हां "हिरवें असलें म्हणून काय झालें, पोरें ओढ्यांत पोहतातच कीं" असें म्हणून पाणी पूर्ण सुधारण्याआधीं कोणालाही आंत उतरूं देऊं नये.

आतां प्रत्यक्ष कृति. तिचा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळजण प्रथम दुकानांतून औषधाचा डबा आणून ओततात आणि मग पानें काढूं लागतात. त्यामुळें निम्मा क्लोरीन पानांवरच खर्च होतो.

पहिलें काम केराचें. लांब दांड्याच्या जाळीनें वरचीं व तळचीं पानें काढावीं. तळ दिसत नसला तर अंदाजानें, सावकाश जाळी फिरवावी. पाणी ढवळून काढूं नये. साप, विंचू, बेडूक यांचा वास असूं शकतो, म्हणून हातानें चाचपूं नये. पानें पुरतीं निघाल्यावर भिंती व पायऱ्या ताठ केसांच्या कुंच्यानें घासाव्या. शेवाळाचा थर चिकट असतो. तो फोडल्यावांचून औषध आंतपर्यंत पोंचत नाहीं.

दुसरें काम परीक्षेचें. पाण्याची परीक्षा करण्याची छोटी पेटी बाजारांत मिळते. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नळाच्या पाण्यांत क्लोरीन आहे कीं नाहीं हें थेंब टाकून पाहतात, तशीच ही रीत. हौदासाठीं मुख्यतः तीन आंकडे पाहावे: क्लोरीन, पीएच आणि अल्कता. पीएच म्हणजे पाणी आंबटाकडे झुकलें आहे कीं खारटाकडे, याचें माप. सात हा मध्य. हौदाचें पाणी ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावें. अल्कता म्हणजे पाण्याच्या अंगची सहनशक्ति. ती दर लिटरास ८० ते १२० मिलिग्रॅम असली म्हणजे पीएच लहानसहान कारणांनीं डळमळत नाहीं. कसाऱ्याच्या पावसाळ्यानंतर ती बहुधा कमी भरते, कारण पावसाचें पाणी अत्यंत मृदु असतें आणि चार महिने तें हौदांतल्या क्षारांना पातळ करीत असतें. उलट उन्हाळ्यांत बोअरचें पाणी घालीत राहिलें व वाफ होत राहिली, तर ती वाढते. म्हणून शेजाऱ्याच्या हौदाला लागू पडलेलें प्रमाण आपल्यालाही लागू पडेल असें मानूं नये.

तिसरें काम समतोलाचें. आणि तें क्लोरीनच्या आधीं करावें. अल्कता कमी असेल तर खाण्याचा सोडा हें साधें औषध आहे. आपल्या ७५ घनमीटरांच्या हौदांत अल्कता दहानें वाढवावयास सुमारें सव्वा किलो सोडा लागतो. पीएच फार चढला असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड भरपूर पाण्यांत पातळ करून, थोडें थोडें, पंप चालू ठेवून घालावें, आणि कांहीं तासांनीं पुन्हां परीक्षा करावी. एकदम फार घालण्याचा मोह टाळावा.

पीएचसाठीं एवढा आग्रह कां, असें कोणी विचारील. कारण क्लोरीन पाण्यांत दोन रूपांनीं राहतो. त्यांतलें एक जंतू जलद मारतें, दुसरें फार आळशी असतें. पीएच ७.२ असतां सुमारें दोनतृतीयांश क्लोरीन कामकरी रूपांत असतो. ७.५ ला तो निम्म्यावर येतो. ८ ला जेमतेम एकचतुर्थांश उरतो. म्हणजे पाणी जुळवून न घेतां औषध ओतणारा मनुष्य चार डब्यांचे पैसे देऊन एकाच डब्याचें काम करून घेतो.

हा समतोल हौदाच्या अंगालाही मानवला पाहिजे. थळ घाटांतून रेल्वे १८६५ सालीं सुरू झाली. सदतिसास एक या चढणीवर गाडी नेण्यासाठीं कसाऱ्यास मागून जादा इंजिनें जोडण्याची पद्धत पडली. विजेचीं इंजिनें १९३० च्या सुमारास येईपर्यंत हें काम वाफेच्या इंजिनांनीं केलें. वाफेचें इंजिन चालविणाऱ्याला पाण्याचा स्वभाव ओळखावाच लागे. क्षार जास्त असले कीं बॉयलरच्या नळ्यांवर कठीण पापुद्रा धरतो, आणि पाणी आम्ल असलें तर तेंच धातूला खातें. पाणी पापुद्रा धरणार कीं खात सुटणार, याचें गणित १९३६ सालीं अमेरिकेंतल्या लँजलिअर नांवाच्या प्राध्यापकानें मांडलें. हौदाच्या बाबतींतही तेंच खरें आहे. असमतोल पाणी फरशीच्या सांध्यांतला सिमेंट खातें, नाहीं तर गाळणींत आणि नळांत चुना बसवितें.

चौथें काम क्लोरीनचें. गांवोगांवीं टीसीएल म्हणून ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडर चालते. मात्र ती ताजी असावी. चांगल्या पावडरींत वजनाच्या सुमारें ३० टक्के उपयुक्त क्लोरीन असतो, पण दमट हवेंत उघडी राहिलेली पावडर हळूहळू नुसता चुना होऊन बसते. एक घनमीटर पाण्याला एक ग्रॅम क्लोरीन घातला म्हणजे दशलक्षांत एक भाग होतो. हिरव्या हौदाला प्रथम दहा भागांपर्यंत नेणें इष्ट. ७५ घनमीटरांना ७५० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे अडीच किलो पावडर लागली. ती प्लॅस्टिकच्या बादल्यांतून पाण्यांत कालवावी, चुना खालीं बसूं द्यावा, आणि वरची निवळी हौदाच्या कडेकडेनें ओतावी. सूर्य मावळल्यावर हें करावें. आधार देणारें द्रव्य पाण्यांत नसेल तर भर उन्हांत तासाभरांत निम्म्याहून अधिक क्लोरीन नाहींसा होतो. तोच रात्रभर टिकून काम करतो. शेवाळ फार असेल तर सकाळीं परीक्षेंत क्लोरीन शून्य दिसेल. त्यानें खचूं नये. पुन्हां संध्याकाळीं तेंच प्रमाण घालावें. दोन, तीन, क्वचित् अधिक दिवस लागतात.

हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी झालें म्हणजे पुष्कळांना वाटतें कीं पाणी अधिकच बिघडलें. खरें म्हणजे तो विजयाचा पहिला झेंडा आहे. शेवाळ मेलें, आतां त्याचीं प्रेतें उचलावयाचीं राहिलीं. हें पांचवें काम गाळणीचें. या दिवसांत पंप शक्य तर अखंड चालवावा. वाळूच्या गाळणींत घाण सांचूं लागली कीं दाबाचा कांटा चढतो. तो स्वच्छ असतांनाच्या दाबापेक्षां आठ-दहा पौंडांनीं वर गेला म्हणजे पाणी उलट फिरवून वाळू धुवावी. कणच इतके बारीक असले कीं वाळूंतून निसटतात, तर तुरटी उपयोगी पडते. घनमीटरास वीस ग्रॅम, म्हणजे आपल्या हौदास दीड किलो तुरटी विरघळवून घालावी, थोडा वेळ फिरवावी, मग पंप बंद करून रात्रभर पाणी स्थिर ठेवावें. सकाळीं तळाशीं मऊ गाळ बसलेला दिसतो; तो न हालवितां नळीनें ओढून घ्यावा. तुरटी अल्कता खाते, हें लक्षांत ठेवून नंतर पुन्हां मोजमाप करावें.

पाणी बरें झालें हें कशावरून ठरवावें? तीन खुणा पाहाव्या. पहिली: कांठावर उभें राहून सर्वांत खोल तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. ही सौंदर्याची कसोटी नव्हे. तळाशीं गेलेलें मूल दिसावें म्हणून ही अट आहे. दुसरी: रात्रीं मोजलेला क्लोरीन सूर्योदयापूर्वीं पुन्हां मोजावा. एका भागापेक्षां अधिक घट झाली तर शेवाळ अजून जिवंत आहे. तिसरी: क्लोरीन एक ते तीन भागांवर स्थिर राहावा आणि पीएच आपल्या मर्यादेंत असावा. उग्र वास हें स्वच्छतेचें लक्षण आहे ही समजूत चुकीची आहे. घाम व मूत्र यांशीं संयोग पावून क्लोरीनचे जे पदार्थ होतात, त्यांचा तो वास असतो. डोळे चुरचुरतात तेही त्यांच्याचमुळें.

येथें अत्यंत गंभीर अशी एक सूचना द्यावयाची आहे. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड यांची गांठ कधींही पडूं देऊं नये. एका बादलींत नाहीं, एका मापट्यानें नाहीं, एका फळीवरही नाहीं. दोहोंच्या संयोगानें क्लोरीन वायु सुटतो. १९१५ सालीं ईप्रच्या रणांगणावर सैन्यावर सोडला गेला तो हाच वायु. दोन निराळ्या प्रकारचीं क्लोरीनचीं औषधेंही एकत्र करूं नयेत. त्यांतून आग व स्फोट होतात. औषध पाण्यांत घालावें, औषधावर पाणी ओतूं नये. आणि हें सगळें काम प्रत्यक्षांत करतो कोण? बहुतेक ठिकाणीं शेतघराचा राखणदार, जवळच्याच पाड्यावरचा गडी. डब्यावरच्या सूचना बहुधा इंग्रजींत असतात. त्या त्याला मराठींत समजावून सांगणें, हातमोजे व डोळ्यांना चष्मा देणें, आणि घाई न करणें हें मालकाचें कर्तव्य आहे. पाणी वांचवून माणसाचे डोळे घालविले, तर त्या सुधारणेला कांहीं अर्थ नाहीं.

आतां गोळ्यांविषयीं दोन शब्द. हौदांत तरंगत ठेवण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या सोयीच्या खऱ्या. त्यांत सायन्युरिक आम्ल असतें व तें क्लोरीनला उन्हापासून आधार देतें. तें तीस ते पन्नास भाग असणें हिताचें. परंतु क्लोरीन खर्च होतो आणि हें आम्ल मात्र मागें उरतें. दर दहा भाग क्लोरीनमागें सुमारें सहा भाग तें सांचत जातें. शंभराच्या वर गेलें कीं क्लोरीन जणूं बांधला जातो. परीक्षेंत दिसतो, पण काम करीत नाहीं. यावर औषध नाहीं; कांहीं पाणी बदलणें हाच उपाय.

म्हणजे पाणी बदलावयाचें प्रसंग कांहीं आहेतच, हें मला मान्य आहे. आम्ल फार सांचलें, संडासाच्या टाकीचा पाझर हौदांत शिरला, किंवा तडा दुरुस्त करणें आहे, अशा वेळीं हट्ट धरूं नये. परंतु शक्य तेथें तो बदल टँकरच्या दिवसांत न करतां आषाढ-श्रावणांत, थोडथोडा करावा. शंभर चौरस मीटर छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतें. म्हणजे एक टँकर आकाशांतून दारांत उतरला. पहिल्या सरींनीं छप्पर धुऊन जाऊं द्यावें, मग पन्हळीचें पाणी गाळून हौदांत घ्यावें. जें पाणी काढावयाचें, तें क्लोरीन शून्य होईपर्यंत उन्हांत राहूं द्यावें व मग झाडांना द्यावें. क्लोरीनचें पाणी ओढ्यांत सोडलें तर मासे मरतात, आणि त्या ओढ्यावर खालीं कोणाचें तरी गुरूं पाणी पितें.

ज्यांच्या परसांत हौद नाहीं पण विहीर आहे, त्यांच्यासाठीं हीच विद्या थोड्या फरकानें उपयोगी आहे. विहिरींत पडलेला पाला काढावा, कठड्याभोंवतालचें सांडपाणी दूर वळवावें, आणि हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम या प्रमाणांत चांगली टीसीएल पावडर, कालवून व निवळून, रात्रींचें पाणी भरून झाल्यावर सोडावी. सकाळीं पाणी घ्यावें. हौदाच्या गोळ्या मात्र पिण्याच्या विहिरींत कदापि टाकूं नयेत. आणि पिण्याच्या पाण्यांत माणसांनीं उतरूं नये. पायऱ्यांच्या विहिरींत उतरण्याच्या रिवाजानेंच नारूचा रोग पिढ्यान्‌पिढ्या पसरत राहिला. त्याचा हिंदुस्थानांतला शेवटचा रुग्ण १९९६ सालीं आढळला, आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. या विजयांत लसीचा भाग नव्हता. पाण्याशीं वागण्याची रीत लोकांनीं बदलली, हेंच त्याचें मोठें कारण.

सुधारलेलें पाणी टिकविणें हें सुधारण्यापेक्षां फार सोपें आहे. दररोज कांहीं तास पंप, आठवड्यांतून दोनदां परीक्षा, एकदां कुंचा, आणि मालक नसतांना वर घट्ट आच्छादन. आच्छादनानें पानें थांबतात, ऊन थांबतें व वाफही कमी होते. घर महिनोन् महिने बंद राहणार असेल आणि क्लोरीन घालणारें कोणी नसेल, तर निदान गप्पी मासे सोडावे. ते डांसांच्या अळ्या खातात. पुढें पाणी शुद्ध करण्यापूर्वीं ते काढून घ्यावे म्हणजे झालें.

श्रोतेहो, सोडा, पावडर, तुरटी, थोडी वीज आणि पांच-सात दिवसांची चिकाटी, एवढ्या भांडवलावर ७५,००० लिटर पाणी वांचतें. घाटमाथ्यावरून पडणारा पाऊस आपण वाढवूं शकत नाहीं, आणि धरणांच्या पाण्याची वांटणी कशी व्हावी हा प्रश्न एका घराच्या हातचा नाहीं. परंतु आपल्या परसांत आलेलें पाणी जपणें हें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. यापुढें हौद हिरवा दिसला म्हणजे टँकरवाल्याला हांक मारण्यापूर्वीं जाळी, कुंचा आणि परीक्षेची पेटी हातीं घ्यावी, एवढेंच माझें मागणें आहे.